वस्तीशी संवाद : कुटुंबसेवा, सार्वजनिक आरोग्य आणि धर्मादाय रुग्णालय

सन्माननीय विश्वस्त, देणगीदार, हितचिंतक आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्या हाती हा अहवाल देताना त्यात दरवर्षीप्रमाणे बाह्यरुग्णांची संख्या, शस्त्रक्रियांचा तक्ता आणि लेखापरीक्षित ताळेबंद आहेच. या पानांवर मात्र ताळेबंदात न मावणाऱ्या एका प्रश्नाचा अभ्यास मांडण्याचे योजिले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत अंगणवाडी, महिला व बालकल्याण समिती, नागरी आरोग्य केंद्र अशा कुटुंबांना सेवा पुरविणाऱ्या यंत्रणा आहेत. आरोग्याच्या कामात त्या रहिवाशांना कितपत सामील करून घेऊ शकतात आणि त्या साखळीत आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाने कोठे उभे राहावे, हा तो प्रश्न होय.

तो आताच मांडण्याचे कारण व्यावहारिक आहे. वस्तीपातळीवर नियमित बैठका घेण्यासाठी एका वैद्यकीय समाजसेविकेचे वेतन आणि थोडा प्रवासखर्च मंजूर करावा किंवा कसे, हा विषय विश्वस्त मंडळापुढे आहे. डायलिसिसच्या यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. बैठकीवर ती लावता येत नाही. त्यामुळे हा पैसा कशासाठी खर्च व्हावा आणि तो कोणत्या परिस्थितीत वाया जाईल, या दोन्ही गोष्टी स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

तीन शहरे, तीन घड्याळे

रेल्वेच्या एकाच मार्गावर असली तरी ही तीन शहरे एका साच्याची नाहीत. उल्हासनगर हे निर्वासितांचे शहर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी बांधवांना आसरा देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नगराची पायाभरणी झाली. आजही तेथे पत्ता सांगताना कॅम्पचा आकडा आणि बराकीचा क्रमांक सांगितला जातो. घरातच शिलाईयंत्र, घरातच माल, घरातच दुकान, अशी येथील अनेक कुटुंबांची रीत आहे. अंबरनाथची घडण शिलाहारकालीन शिवमंदिराभोवती झाली असली तरी अलीकडच्या काळातील तिची ओळख आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहत यांची. तेथील कामगाराचा दिवस पाळीवर ठरतो. बदलापूरचा मोठा भाग पहाटेच्या लोकलने मुंबईकडे जातो आणि रात्री परततो.

जनगणनेचे आकडे हीच गोष्ट निराळ्या प्रकारे सांगतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत उल्हासनगरची लोकसंख्या ४ लाख ७३ हजारांवरून ५ लाख ६ हजारांवर गेली. अंबरनाथची २ लाख ३ हजारांवरून २ लाख ५३ हजारांवर. कुळगाव-बदलापूर मात्र सुमारे ९८ हजारांवरून पावणेदोन लाखांच्या आसपास पोहोचले. म्हणजे एका ठिकाणी दाट, जुनी, एकमेकांना ओळखणारी वस्ती आणि दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्याचे आडनाव दारावरच्या पाटीवरून कळणारी नवी संकुले. दोन्हीकडे एकाच वेळी, एकाच भाषेत, एकाच नमुन्याची आरोग्य सभा भरविली तर उल्हासनगरात ती धंद्याच्या वेळेत येते आणि बदलापुरात घरी कोणी नसताना. दुपारी तीन वाजताच्या सभेला कोण येते, हे ज्यांनी सतरंज्या घातल्या आहेत त्यांना सांगावयास नको.

कुटुंबसेवा देणाऱ्या यंत्रणा

आपल्याकडे ‘कुटुंबसेवा विभाग’ अशी एकच पाटी कोणत्याही कार्यालयावर आढळत नाही. ते काम वाटले गेलेले आहे. त्यातील सर्वांत जुना आणि घराच्या सर्वांत जवळचा धागा म्हणजे एकात्मिक बाल विकास सेवा योजना. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरातील ३३ प्रकल्पांत तिचा प्रारंभ झाला आणि महाराष्ट्रातील पहिल्या प्रकल्पांमध्ये मेळघाटातील धारणीबरोबर मुंबईची धारावीही होती. नागरी वस्तीचा विचार या योजनेत अगदी आरंभापासून होता, हे यावरून लक्षात येते. पूरक पोषण आहार, शालापूर्व शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा, अशा सहा सेवा अंगणवाडीतून मिळाव्यात अशी तिची रचना आहे. यांपैकी शेवटच्या तीन सेवा आरोग्य खात्याच्या मदतीवाचून देता येत नाहीत. म्हणजे महिला व बालविकास आणि आरोग्य ही दोन खाती कागदावर नव्हे, तर अंगणवाडीच्या उंबरठ्यावर एकत्र येतात.

दुसरा धागा राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा. मे २०१३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली. ५० हजार लोकवस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, वस्तीत आशा कार्यकर्ती आणि ५० ते १०० कुटुंबांमागे साधारण १० ते १२ महिलांची ‘महिला आरोग्य समिती’, अशी त्याची मांडणी आहे. या निकषाने २०११ च्या लोकसंख्येवरच आपल्या तीन शहरांना मिळून सुमारे १९ केंद्रे लागतात. केंद्र शक्यतो दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेत चालावे, असेही अभियानाच्या आराखड्यात सुचविलेले आहे. मजुरी बुडवून दवाखान्यात येणे परवडत नाही, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते असे दिसते. महिला आरोग्य समितीला वर्षाला ५ हजार रुपयांचा मुक्त निधी मिळतो. वाणिज्य शाखेच्या सवयीने आम्ही भागाकार केला : कुटुंबामागे वर्षाला ५० ते १०० रुपये. रक्कम लहान आहे, परंतु तिचा विनियोग वस्तीतील स्त्रियांनी ठरवावयाचा असतो, म्हणून तिचे महत्त्व आकड्याहून अधिक आहे.

सांगणे आणि विचारणे

लोकांना सामील करून घेणे याचा अर्थ बहुधा लोकांना समजावून सांगणे असा केला जातो. फलक, पत्रके, प्रभातफेऱ्या, पथनाट्ये. त्यांचा उपयोग नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सांगण्याच्या टोकाला काय असते, हे या राज्याने पाहिलेले आहे. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, कुटुंबाचा आकार कायद्याने मर्यादित करणारे आणि सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. मात्र देशभर झालेल्या सक्तीचा परिणाम इतका खोल होता की १९७७ नंतर या कार्यक्रमाचे नावच ‘कुटुंब नियोजन’ऐवजी ‘कुटुंब कल्याण’ करावे लागले. त्याच महाराष्ट्रात १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते आणि तेथे येणारी माणसे आपल्या पायांनी येत होती. विषय तोच, फरक पडला तो ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्याला विचारण्यात आणि न विचारण्यात.

अलीकडचे उदाहरण अधिक सौम्य आणि अधिक बोधप्रद आहे. कोविडच्या साथीत १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबविण्यात आली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक यांच्या पथकाने दिवसाला सुमारे ५० घरे करावयाची, प्रत्येकाचे तापमान व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहावयाचे, मधुमेह, रक्तदाब यांसारख्या जुन्या आजारांची नोंद करावयाची, असे तिचे स्वरूप होते. इतक्या थोड्या अवधीत इतक्या घरांच्या उंबरठ्यावर आरोग्य यंत्रणा पोहोचण्याचे प्रसंग विरळा. त्या कर्मचाऱ्यांच्या श्रमांबद्दल आम्हांस आदरच आहे. तथापि त्या भेटीचा भर तपासणी आणि सूचना यांवर होता, आणि साथीच्या दिवसांत तसा तो असणे स्वाभाविक होते. साथ ओसरल्यावर तोच उंबरठा उलट दिशेने, म्हणजे घरातून यंत्रणेकडे प्रश्न यावेत म्हणून वापरता आला असता. ती शक्यता आजही शिल्लक आहे.

लोकांना विचारले असता उत्तर आपल्या अपेक्षेप्रमाणे येईलच असे नसते, ही या कामातील पहिली अडचण आणि पहिला लाभही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले तेव्हा गावकऱ्यांनी प्रथम मागितले ते पाणी आणि अन्न. दवाखाना त्यांच्या यादीत पुढे होता. आरोळे दांपत्याने ती यादी मान्य केली. पाण्याच्या कामांतून, शेतकरी मंडळांतून आणि महिला मंडळांतून आरोग्याचे काम उभे राहिले आणि गावातील सामान्य, पुष्कळदा निरक्षर स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींना विचारले की तुम्हांला दवाखाना कसा हवा. त्यातून झोपड्यांसारख्या बांधणीचे, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येईल असे रुग्णालय उभे राहिले, आणि नाव पडले ते लोकांच्या देवीचे : माँ दंतेश्वरी दवाखाना. त्याच संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नंतर देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या नवजात गृहभेटींच्या कार्यक्रमास याच कामाचा आधार मिळाला.

आपल्या ठाणे जिल्ह्याचाही या इतिहासात वाटा आहे. २००७ साली ग्रामीण आरोग्य अभियानाअंतर्गत ‘लोकाधारित देखरेख’ ही प्रक्रिया महाराष्ट्रात ज्या पाच जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत अमरावती, नंदुरबार, तत्कालीन उस्मानाबाद, पुणे यांच्याबरोबर ठाणेही होते. राज्यपातळीवर पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने समन्वय केला. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राच्या सेवांचे प्रगतिपुस्तक भरावयाचे, चांगली, मध्यम आणि वाईट सेवा तीन रंगांत दाखवावयाची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडावयाचे. शाळेत गुरुजींनी मुलांचे प्रगतिपुस्तक भरावे आणि येथे मुलांनी गुरुजींचे, असा तो प्रकार! परंतु त्यातील मुख्य गोष्ट रंग नव्हेत. जनसुनवाईत उत्तर देण्यास बांधील असलेला अधिकारी समोर बसलेला असे, ही होय.

मुंबईच्या वस्त्यांतील धडा

इथपर्यंतची उदाहरणे वाचून बैठका सुरू केल्या म्हणजे मृत्यू कमी होतात, असा कोणाचा समज होईल. तो होऊ नये म्हणून एक प्रयोग सविस्तर सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या शहरांना सर्वांत जवळचा आहे.

झारखंड व ओडिशा येथील आदिवासी भागात ‘एकजुट’ या संस्थेने गावागावांत स्त्रियांचे गट केले. स्थानिक स्त्रीनेच चालविलेल्या मासिक बैठकांत गोष्टी, चित्रपत्ते यांच्या साहाय्याने बाळंतपणातील अडचणी ओळखावयाच्या, त्यांतील कोणत्या आधी सोडवावयाच्या ते गटाने ठरवावयाचे, उपाय करून पाहावयाचे आणि शेवटी काय साधले ते तपासावयाचे, अशी ती पद्धत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी त्या भागातील नवजात मृत्यूंचे प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी होते. याच धर्तीचा प्रयोग मुंबईच्या झोपडवस्त्यांत झाला. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली स्थापन केलेली ‘स्नेहा’ ही संस्था त्यामागे होती. ४८ वस्त्या निवडल्या, त्यांपैकी २४ मध्ये स्त्रियांचे गट चालविले. काम प्रामाणिक होते, कार्यकर्त्या तळमळीच्या होत्या. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसून आले की गट असलेल्या वस्त्यांत नवजात मृत्यू घटले नव्हते.

हा निष्कर्ष झाकून न ठेवता संस्थेने तो प्रसिद्ध केला, याबद्दल तिचे करावे तितके कौतुक थोडे आहे. वार्षिक अहवाल लिहिणाऱ्यांना हे किती अवघड असते ते आम्ही जाणतो.

याचा अर्थ आम्ही असा लावतो. झारखंडच्या पाड्यावर बहुतेक बाळंतपणे घरीच होत होती. स्वच्छ दोरा, स्वच्छ पाते, बाळाला लगेच पुसून गुंडाळणे, या गोष्टी गटाच्या हातात होत्या. गटाने ठरविले आणि त्या घडल्या. मुंबईत बहुतेक स्त्रिया आधीच रुग्णालयात बाळंत होत होत्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात संस्थात्मक बाळंतपणांचे प्रमाण ९४.७ टक्के आहे. अशा ठिकाणी ‘रुग्णालयात चला’ हा संदेश दारावर आधीच पोहोचलेला असतो. पुढचे प्रश्न वेगळे असतात : कोणत्या रुग्णालयात, किती पैशांत, रात्री दोन वाजता तेथे डॉक्टर असतात का, एका दारातून दुसऱ्या दारी पाठविले तर वाहन कोणाचे. यांपैकी एकही गोष्ट वस्तीतील दहा स्त्रियांच्या गटाच्या हाती नाही. ती रुग्णालयाच्या हाती आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ साली स्त्रियांच्या गटांची शिफारस केली ती मुख्यतः आरोग्यसेवा दुर्मिळ असलेल्या ग्रामीण भागांसाठी.

सबब, शहरात रहिवाशांची बैठक घ्यावयाची असेल तर ज्यांच्याकडे बदल करण्याचा अधिकार आहे त्यांनी त्या बैठकीत बसले पाहिजे आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर घेऊन परत गेले पाहिजे. नुसती समाजसेविका पाठवून प्रश्न गोळा केले आणि फाइलला लावले, तर विश्वस्त मंडळाने हा खर्च मंजूर न केलेलाच बरा. आमचे हे मत काहींना कठोर वाटेल. परंतु लोकांना एकदा विचारून उत्तर न देणे हे न विचारण्यापेक्षा महाग पडते. दुसऱ्या बैठकीला सतरंजी रिकामी राहते आणि पुढे अंगणवाडी सेविकेने बोलाविले तरी कोणी येत नाही. तिने वर्षानुवर्षे जोडलेली माणसे आपण खर्ची घालतो.

काय विचारावे

‘तुम्हांला आरोग्याच्या काही अडचणी आहेत का?’ या प्रश्नाला सर्वत्र एकच उत्तर मिळते : ‘नाही, सगळे ठीक आहे.’ पाहुण्यासमोर घरातील दुखणे कोण काढणार? त्याऐवजी झालेल्या गोष्टीबद्दल विचारावे. घरात मागच्या वेळी ताप आला तेव्हा प्रथम कोठे गेलात? तेथे किती वेळ बसावे लागले? खाडा किती दिवसांचा झाला? पैसे कोठून आणले? सांगितलेली तपासणी केली की राहून गेली? या पाच प्रश्नांतून जे कळते ते छापील प्रश्नावलीच्या दहा पानांतून कळत नाही. उत्तर देणाऱ्याला आपली परीक्षा चालली आहे असेही वाटत नाही.

कोण बोलते याकडेही लक्ष असावे. पुरुष समोर बसले की स्त्रिया गप्प होतात, सासू बसली की सून. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. गोळ्या उपलब्ध असूनही प्रमाण वाढते, तेव्हा घरात शेवटी कोण जेवते आणि कशावर भागवते हे विचारल्याशिवाय गत्यंतर नसते, आणि ते उत्तर भरसभेत मिळत नाही. अंगणवाडीत ओटीभरण, अन्नप्राशन असे कार्यक्रम अलीकडे पोषण अभियानातून होतात. चार बायका एकत्र, हळदीकुंकू झालेले, लहान मूल मांडीवर. अशा वेळी जे बोलले जाते ते आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या टेबलासमोर कधीच बोलले जात नाही.

भाषेचा मुद्दा लहान नाही. उल्हासनगरातील अनेक वयोवृद्ध माता घरी सिंधी बोलतात. अंबरनाथच्या औद्योगिक वस्तीत हिंदी आणि तिच्या बोलींवाचून चालत नाही. आमची पत्रके मराठीतच असावीत, हे योग्यच. पण बैठक ज्यांची त्यांच्या भाषेत व्हावी.

रहिवाशांना काही गोष्टी यंत्रणेच्या आधी कळतात, हेही लक्षात घ्यावे. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस तिच्या पात्रात रासायनिक टाकाऊ द्रव सोडला गेल्याने उल्हासनगरात शेकडो रहिवाशांना श्वास घेण्यास त्रास झाला. अशा वेळी वासाची पहिली नोंद कोणत्याही यंत्रावर होत नाही, काठावरच्या घरात होते. पुराचेही तसेच. २६ जुलै २००५ आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पाण्याने बदलापूर परिसर वेढला गेला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाला पुढील दिवसांत ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार तातडीने करावा लागतो. कोणत्या गल्लीत पाणी किती तास होते, हे त्या गल्लीतील माणूस सांगू शकतो. ही माहिती पहिल्या आठवड्यात आमच्या डॉक्टरांपर्यंत यावी, एवढ्यासाठी जरी वस्तीतील दहा स्त्रियांचे दूरध्वनी क्रमांक नोंदणी विभागात असले तरी पुष्कळ होईल.

खाट कोणाची

आता जो विषय बैठकीत निघणारच तो येथेच सांगणे इष्ट. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने आपल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असल्यास निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असल्यास दुर्बल घटक असे समजले जाते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका यांसारखी कागदपत्रे लागतात. तातडीच्या प्रसंगी मात्र रुग्णास प्रथम दाखल करून घेऊन प्राण वाचविण्याचे उपचार द्यावयाचे असतात आणि अशा रुग्णाकडे अनामत रक्कम मागता येत नाही.

ही देणगी नव्हे, हा रुग्णाचा अधिकार आहे. तरीही नोंदणी खिडकीवर येणाऱ्या कित्येक कुटुंबांना तो ठाऊक नसतो. दागिना मोडून झाल्यावर कळतो. नियम दर्शनी भागात फलकावर लावलेला असतोच. पण दुखणाइताला धरून धावत आलेला माणूस फलक वाचत नाही. तो नियम निवांत असताना, अंगणवाडीच्या सतरंजीवर, घरी कोणी आजारी नसताना कळावयास हवा, आणि उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवावा हेही. काही हितचिंतक आम्हांस खाजगीत विचारतात की याचा प्रचार केला तर निधी पुरेल का. प्रश्न रास्त आहे. निधी अपुरा पडू लागला तर ती गोष्ट आकड्यांसह देणगीदारांपुढे ठेवता येईल. आज मागणीच नोंदली जात नसल्याने गरज किती आहे ते हिशेबात दिसतच नाही. न आलेल्या रुग्णाची कोणत्याही खतावणीत नोंद होत नाही.

चिठ्ठीचा दुसरा अर्धा भाग

अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्ती एखाद्या मुलाला, गरोदर स्त्रीला चिठ्ठी देऊन वरच्या रुग्णालयात पाठविते. तिलाच संदर्भ सेवा म्हणतात. चिठ्ठी घेऊन रुग्ण येतो, तपासला जातो, औषध घेऊन जातो. पुढे काय झाले, हे चिठ्ठी देणारीला समजतेच असे नाही. ती दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जाते आणि शेजारीण विचारते, ‘त्या बाळाचे काय झाले?’ तिच्याजवळ उत्तर नसते. पुढच्या वेळी तिची चिठ्ठी घेऊन कोण जाईल?

त्यामुळे विश्वस्त मंडळापुढील प्रस्तावात सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत मोलाची बाब आहे ती दुपदरी चिठ्ठीची. खालचा अर्धा भाग आमच्या डॉक्टरांनी भरावयाचा : मूल आले होते, अमुक आढळले, अमुक तारखेस पुन्हा यावे, घरी एवढे पाहावे. रुग्णाच्या संमतीवाचून खाजगी गोष्टी लिहावयाच्या नाहीत. तो भाग दर शनिवारी समाजसेविकेने चिठ्ठी देणारीच्या हाती पोहोचवावयाचा. छपाईचा खर्च किरकोळ आहे. वेळ मात्र डॉक्टरांचा जाईल, आणि गर्दीच्या दिवशी त्यांची कुरकुर होईल हेही आम्ही धरून चाललो आहोत.

बैठकांसंबंधी प्रस्ताव असा की प्रथम वर्षी प्रत्येक शहरात एकच वस्ती घ्यावी. उल्हासनगरात रात्री आठनंतर, अंबरनाथला पाळी सुटल्यावर, बदलापुरात रविवारी सकाळी. महापालिका आणि दोन्ही नगरपरिषदांच्या महिला व बालकल्याण समित्या, नागरी आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि बाल विकास प्रकल्पाच्या पर्यवेक्षिका यांना निमंत्रण असावे. परंतु आमच्या बाजूने प्रशासक किंवा विश्वस्तांपैकी एक जण प्रत्येक बैठकीस स्वतः हजर असलाच पाहिजे. प्रश्न तेथेच लिहून घ्यावेत, वाचून दाखवावेत आणि तीस दिवसांत त्याच जागी उत्तर द्यावे, मग ते ‘जमणार नाही आणि का जमणार नाही’ असे असले तरी चालेल.

पुढील वर्षीच्या अहवालात ताळेबंदाच्या आधी एक पान यासाठी राखून ठेवले आहे. त्यावर तीन स्तंभ असतील : वस्तीने विचारलेले प्रश्न, आम्ही दिलेली उत्तरे आणि उत्तर न देता आलेले प्रश्न. तिसरा स्तंभ गाळू नये, अशी विनंती मुद्रकांकडे नव्हे, तर आमच्या विश्वस्त मंडळाकडे करून ठेवीत आहोत.